झाकलेली पत्ती

प्रणिताने ती कॅसेट घेतली ती तिच्यावरच्या एका शब्दामुळे. हैदराबादेत कोठीच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं विकणाऱ्याकडे त्या दिवशी खोकंभर कॅसेटी आल्या होत्या. पटनचेरूकडे शेतीच्या संशोधनासाठी राहिलेला कुणी गोरा साहेब मायदेशी जाताना घरातलं सामान विकून गेला होता, त्यातल्या त्या. बाकीच्या सगळ्या छापील वेष्टनाच्या होत्या. ही एकच घरी भरलेली होती. निळ्या शाईत, बारीक तिरक्या अक्षरात तिच्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, 'ब्रॅम्बल अँड बेलोज', आणि खाली, 'जपून'.

कॅसेटवर कुणी 'जपून' कशाला लिहील, असं तिच्या मनात आलं.

साल शहाण्णव. प्रणिता चोवीस वर्षांची होती आणि दिलसुखनगरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होती. दोन वर्षांत त्या रस्त्यावर साड्यांच्या दुकानांवरचे सगळे मजले क्लासेसनी भरून गेले होते. जिन्यात चपलांचा ढीग, फळ्यावर तेच तेच प्रोग्रॅम आणि समोर अमेरिकेला जायची घाई झालेली पोरं. प्रणिता छान शिकवायची, पण ती स्वतः जे शिकली होती तेच, तसंच.

घर तारनाक्याला होतं. तिचे आजोबा निजामाच्या काळात उदगीरहून हैदराबादला आले, ते इथलेच झाले. वडील हिम्मतराव मालगाडीचे गार्ड होते, वर्षापूर्वी रिटायर झालेले. आता दर गुरुवारी कॉलनीतल्या भजनात तबला वाजवत आणि उरलेले सहा दिवस गुरुवारची वाट बघत.

कॅसेट तिने इस्त्री करताना लावली. आधी गिटार, मग ड्रम, सगळं अपेक्षेसारखं. तेवढ्यात गिटार बाजूला झाली आणि एक भलताच आवाज पुढे आला. नाकात गाणाऱ्या एखाद्या मिस्कील म्हाताऱ्यासारखा, गुणगुणणारा, जरा चिरका. तो एक जुन्यापुराण्या नाचासारखी चाल वाजवत होता आणि ड्रम त्याच्या मागे धावत होते. प्रणिताने इस्त्री उभी केली आणि कॅसेट मागे नेऊन तेवढाच भाग पुन्हा लावला. मग पुन्हा. चौथ्या वेळी तिने डिक्शनरी काढली. ब्रॅम्बल म्हणजे काटेरी झुडूप, बेलोज म्हणजे लोहाराचा भाता. त्याने काहीच उलगडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने कॅसेट क्लासमध्ये नेली. संध्याकाळच्या बॅचला शिकवायला पुण्याचा सारंग यायचा. दिवसा तो बेगमपेठच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. पुण्याहून येताना कपड्यांपेक्षा कॅसेटी जास्त आणल्या, असं तो स्वतःच सांगायचा. रॉक संगीतातलं आपल्याला माहीत नाही असं फारसं नाही, ही त्याची समजूत होती आणि ती बरीचशी खरीही होती.

रिकाम्या वर्गात त्याने ती वॉकमनवर ऐकली. ऐकता ऐकता तो बाकावर बसला.

"हे कुठे मिळालं तुम्हाला?"

"कोठीला. काय आहे हे, सर?"

"प्रोग्रेसिव्ह रॉक. म्हणजे रॉकच, पण तीन मिनिटांचं गाणं नाही, एकेक रचना वीस वीस मिनिटांची. आणि या लोकांनी त्यात चारशे-पाचशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं लोकसंगीत मिसळलंय. जत्रेतले नाच, दरबारातले नाच. या बँडचं नाव मी फक्त एकदा वाचलंय. ऐकलेला माणूस मला अजून भेटला नव्हता."

"आणि ते नाकातलं वाजतंय ते?"

"सिंथेसायझर," सारंग म्हणाला. "सत्तर सालच्या आसपासचे असे चमत्कारिक आवाज सगळे त्याचेच."

"नाही सर. तिथे कुणीतरी दम घ्यायलंय."

तिच्या त्या 'घ्यायलंय'ला सारंग नेहमीसारखा हसला, पण तिने कॅसेट मागे नेऊन त्याच्या कानाला लावली. त्या चालीत दोन ओळींच्या मध्ये एक बारीकशी फट होती. त्या फटीत हवा ओढल्यासारखं काहीतरी व्हायचं आणि मग आवाज एकदम पूर्ण सुरू व्हायचा.

"टेपचा आवाज आहे तो," सारंग म्हणाला. पण त्याने स्वतःहून ती जागा आणखी दोनदा ऐकली.

त्या आठवड्यापासून ते दोघं बॅच संपली की अर्धा तास ती कॅसेट ऐकत बसू लागले. एकदा सारंग तारनाक्याला घरी आला, मेसच्या जेवणाला कंटाळून. प्रणिताच्या आईने ज्वारीची भाकरी आणि अंबाड्याची भाजी वाढली. जेवणानंतर कॅसेट लागली तेव्हा हिम्मतराव पेपर वाचत होते. थोड्या वेळाने पेपर खाली आला आणि त्यांची बोटं मांडीवर हलायला लागली.

"सात," ते म्हणाले.

"काय सात, अण्णा?"

"मात्रा. रूपक तालासारखं चालायलंय हे. थांब... आता नाही. आता अकरा झाले." ते डोळे मिटून मोजत राहिले. "परत सातावर आले. आणि समेवर सगळे एकत्र पोचायलेत बघ. बेवड्याची गाणी असतात असं वाटलं होतं मला."

"बेवडे इतकं मोजू शकत नाहीत, काका," सारंग म्हणाला.

तेव्हापासून ऐकणारे तीन झाले. हिम्मतरावांनी मुलीच्या जुन्या वहीत मात्रांचे आकडे मांडायला घेतले. कुठला भाग कितीचा, कुठे बदलतो, कुठे फसवतो. इंग्रजी शब्द त्यांना कळत नव्हते आणि त्यांची त्यांना गरजही नव्हती. त्या नाकातल्या आवाजाबद्दल मात्र त्यांचं मत मुलीच्या बाजूने होतं.

"हे फुंकायचं वाद्य आहे. पण कुठलं ते मी कसं सांगू? लतीफभाईला विचारू."

लतीफमियाँ मौलाअलीकडे राहायचे. काचीगुड्याच्या मंगल कार्यालयात मराठी लोकांच्या लग्नात चाळीस वर्षं त्यांची शहनाई वाजत आली होती. हिम्मतरावांच्या लग्नात वाजली होती, नात्यातल्या निम्म्या लग्नांत वाजली होती. पुढच्याच आठवड्यात हिम्मतरावांच्या पुतण्याचं लग्न होतं. सारंगलाही आमंत्रण गेलं.

अक्षता पडल्या, पंगती बसल्या आणि दुपारी तीनच्या सुमाराला मांडव सुस्तावला. लतीफमियाँ मागच्या ओसरीत चहा पीत बसले होते. हिम्मतरावांनी सारंगची ओळख करून दिली आणि प्रणिताने वॉकमन पुढे केला. कानात बोंडं घालायला मियाँ आधी तयार होईनात. घातल्यावर मात्र त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

त्यांनी ती चाल एकदा ऐकली. मग हाताने खूण केली, पुन्हा. मग बोंडं काढून सारंगकडे बघितलं, कारण वॉकमन त्याचा होता.

"मशीन नै है ये. आदमी फूँक रा."

प्रणिताने सारंगकडे बघायचं टाळलं.

"पन एक बात है, गार्डसाब," मियाँ हिम्मतरावांना म्हणाले. "इसके लबां पत्ती कू नै लगे."

पत्ती म्हणजे शहनाईच्या तोंडाशी असलेली गवताची चपटी जोडपट्टी. ती ओठांत धरून फुंकतात. प्रणिताला एवढं माहीत होतं. पण ओठ न लावता ती वाजणार कशी, आणि ते नुसतं ऐकून कळणार कसं?

"कसं काय कळलं तुम्हाला, मियाँ?" तिने विचारलं.

मियाँनी शहनाई उचलली आणि एक सूर लावला. ओठ जरा आवळले, तसा सूर बारीक झाला. सैल सोडले, तसा तो भरला, वाकला, खाली घसरून परत वर आला. मग त्यांनी शहनाई खाली केली.

"लबां लगे तो सुर अपने हात में रहता. छोटा होता, बड़ा होता, झुकता. ये देखो, एक च सरीका है. खुला तो पूरा, बंद तो पूरा. पत्ती के ऊपर कुछ ढक्कन है, अम्मा. ये बाहर से फूँक रा, पत्ती अंदर अकेली नाचरी."

ते थांबले आणि बोटांवर काहीतरी मोजलं.

"और नौ च सुरां में घूमरा. नौ के ऊपर जाताइच नै. जा सकता तो जाता."

सारंगने वॉकमन हातात घेतला, पूर्ण तुकडा लावला आणि त्यानेही मोजलं. नऊच होते. इतके दिवस ऐकूनही हे तिघांपैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"पण असं ढक्कन लावून वाजतं का खरंच?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात वाद घालण्याचा सूर राहिला नव्हता.

"बजाके देखना पड़ता," मियाँ म्हणाले.

पुढचा तासभर त्या ओसरीत जे चाललं होतं ते बघायला नवरीच्या दोन मावश्याही येऊन उभ्या राहिल्या. फोटोग्राफरकडून फिल्मच्या रोलची रिकामी काळी डबी आणली. आचाऱ्याच्या चुलीत खिळा तापवून सारंगने डबीच्या बुडाला भोक पाडलं. झाकणाला मोठं भोक पाडून ते शहनाईच्या तोंडावर चढवलं आणि त्यावर डबी बसवली, म्हणजे पत्ती डबीच्या आत आली. हवा सगळीकडून निसटत होती. हिम्मतराव स्वयंपाकघरातून पुऱ्यांच्या कणकेचा गोळा घेऊन आले आणि त्यांनी सगळ्या फटी लिंपल्या. प्रणिता हे सगळं धरून उभी होती. तिच्या हाताला प्लॅस्टिक आणि कणकेचा मिळून एक विचित्र वास येत होता.

पहिल्या फुंकेला काहीच झालं नाही. दुसऱ्या फुंकेला कणीक उडाली. हिम्मतरावांनी नवी लिंपली. तिसऱ्या वेळी डबीतून मोठा, चिरका, नाकातला आवाज निघाला. कॅसेटमधल्यापेक्षा किती तरी रानटी, पण चुलतभाऊ म्हणता येईल असा. सूर खुलायचा तो पूर्ण आणि तुटायचा तो पूर्ण. मियाँनी ओठ कितीही आवळले तरी त्याला फरक पडेना. ते हसू लागले आणि त्यांचा दम सुटला.

"माझं चुकलं," सारंग म्हणाला. "सिंथेसायझर नाही."

सारंगच्या कंपनीत तेव्हा ईमेल नुकतीच आली होती. आपल्या या बँडच्या चाहत्यांची एक मेलिंग लिस्ट आहे, असं त्याने शोधून काढलं. जगभरातले मिळून एकेचाळीस जण. बँड मोडून पंधरा वर्षं उलटली होती, तरी हे लोक रोज एकमेकांना लिहीत. कुठल्या कार्यक्रमात कुठली रचना किती मिनिटांची झाली, कुठल्या रेकॉर्डच्या वेष्टनावर कुठल्या जुन्या चित्राची नक्कल आहे. सारंगने प्रणिताला मजकूर लिहायला सांगितलं.

"मी? माझं इंग्रजी पाहिलंत ना?"

"शोध तुम्ही लावलात. मी तर उलटंच सांगत होतो."

तिने दोन संध्याकाळी घालवून एक पान लिहिलं. कॅसेट कुठे मिळाली, वडील मात्रा कशा मोजतात, काचीगुड्याच्या ओसरीत काय झालं. शेवटी विचारलं, लतीफमियाँ म्हणतात ते बरोबर आहे का?

तीन दिवसांत अकरा उत्तरं आली. सारंगने ती प्रिंट काढून आणली आणि प्रणिताने वर्गाच्या दाराशी उभ्यानेच वाचली. सगळ्यांत लांब पत्र कॉलिन नावाच्या माणसाचं होतं. तो इंग्लंडमध्ये एका लहान गावात टपाल वाटायचा. त्याने लिहिलं होतं, त्या वाद्याला क्रमहॉर्न म्हणतात. ते पाचशे वर्षांपूर्वीचं आहे. पत्ती टोपणाखाली असते, ओठ लागत नाहीत, आणि होय, त्यात बहुतेक नऊच सूर असतात. मी वीस वर्षं हा बँड ऐकतोय आणि हे सगळं मला पुस्तकात वाचून कळलं. तुमच्या उस्तादांना ते एका ऐकण्यात कसं कळलं? ती डबीची शहनाई आम्हाला ऐकता येईल का?

लतीफमियाँना हे सांगायला तिघेही मौलाअलीला गेले. आपलं म्हणणं खरं निघालं, याचं मियाँना फार काही वाटलं नाही. ते खरंच असणार, हे त्यांना आधीच माहीत होतं. पण डबीची शहनाई टेप करायची म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला.

"नक्को," ते म्हणाले. "वो खेल था. मेरा नाम लेके वो जाएँगा तो लोकां समझेंगे मैं वैसा च बजाता."

कुणी आग्रह केला नाही. चहा झाला. मग मियाँनीच विचारलं, ते लोक बाकी काय वाजवतात? तेव्हा कळलं की त्यांनी अजून फक्त तेवढा एक तुकडाच ऐकला होता. सारंगने बॅगेतून छोटा टेपरेकॉर्डर काढला आणि कॅसेट पहिल्यापासून लावली. मियाँ भिंतीला टेकून ऐकत बसले. हिम्मतराव शेजारी बसून दर बदलाला आकडा सांगत होते, सात, अकरा, पाच. एका ठिकाणी गिटार आणि क्रमहॉर्न एकमेकांना उत्तरं देऊ लागले, आणि मियाँची मान आपोआप हलली. एका ठिकाणी ते म्हणाले, "ये जबरदस्ती है, यहाँ नै जमा." शेवटच्या भागात सगळी वाद्यं थांबली आणि नुसतं क्रमहॉर्न उरलं, एका साध्या, कुणाही बाईने दळताना गावी तशा चालीवर. ते संपल्यावर सारंगने टेपरेकॉर्डर बंद केला.

"दोनों भेजो," मियाँ म्हणाले. "एक तरफ वो डिब्बी वाला. दूसरी तरफ मैं बजाता, मेरा. तब उनकू मालूम पड़ेंगा."

म्हणून त्याच आठवड्यात, मियाँच्या नातवंडांना शेजारी धाडून आणि पंखा बंद करून, नवी कॅसेट भरली गेली. एका बाजूला सहा मिनिटं डबी. दुसऱ्या बाजूला भीमपलास, अर्धा तास. डबीच्या बाजूला कणीक उडाल्याचा आवाज आणि हिम्मतरावांचं "अरे अरे" तसंच राहिलं. प्रणिताने ते पुसू दिलं नाही.

कॅसेट पोस्टाने गेली. पाऊसकाळ संपला, दिवाळी झाली. मधल्या काळात प्रणिता लिस्टवर लिहीत राहिली. आधी प्रश्न विचारत होती, मग दुसऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला लागली. सारंग क्लासमध्ये तिला मॅडम म्हणायचं सोडून नावाने हाक मारू लागला. एकदा वर्गात एका मुलाने विचारलं, मॅडम, हे असंच का लिहायचं? एरवी ती म्हणाली असती, कारण असंच लिहितात. त्या दिवशी ती म्हणाली, मला माहीत नाही, उलटं लिहून बघू. बॅच वीस मिनिटं उशिरा सुटली.

डिसेंबरात कॉलिनचं पाकीट आलं. त्याने मियाँची कॅसेट लिस्टमधल्या सगळ्यांना फिरवली होती, एकाने दुसऱ्याला पोस्टाने पाठवत. बहुतेकांनी आधी डबीची बाजू ऐकली होती आणि नंतर दुसरी बाजूच ऐकत राहिले होते. पाकिटात क्रमहॉर्नचा एक मोठा फोटो होता आणि एक पोस्टकार्ड. कार्ड खुद्द त्या बँडमध्ये क्रमहॉर्न वाजवणाऱ्याचं होतं. तो आता कुठल्याशा शाळेत मुलांना संगीत शिकवत होता. कॉलिनने कॅसेट त्याच्यापर्यंत पोचवली होती.

प्रणिताने ते कार्ड मौलाअलीला मियाँच्या घरी वाचून दाखवलं, आधी इंग्रजीत, मग त्यांच्या बोलीत.

"सहा वर्षं मी स्टेजवर एकच गोष्ट लपवत होतो, की माझ्याकडे नऊच सूर आहेत. गिटार मध्ये आणायचो, ड्रम वाढवायला सांगायचो, कुणाला कळू नये म्हणून. कुणालाही कळलं नाही. उस्तादांना सांगा, त्यांनी मला पकडलं. आणि सांगा, दुसरी बाजू ऐकल्यावर मी माझं वाद्य आठ दिवस पेटीतून काढलं नाही. नवव्या दिवशी काढलं."

"फिर से पढ़ो," मियाँ म्हणाले.

तिने पुन्हा वाचलं. मियाँनी कार्ड हातात घेऊन उलटसुलट केलं, मागचं चित्र पाहिलं, आणि ते शहनाईच्या पेटीत, पत्त्या ठेवायच्या डबीखाली सरकवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलंय की काय, हे प्रणिताला नीट दिसलं नाही, कारण ते लगेच फोटोवर वाकले.

फोटोतलं वाद्य म्हाताऱ्या माणसाच्या काठीसारखं होतं. लांब, बारीक, आणि खालच्या टोकाला वर वळलेलं. मियाँनी त्या वळणावरून बोट फिरवलं.

"ये टेढ़ा कायकू?"

हिम्मतराव म्हणाले, आवाज वर फेकायला असेल. मियाँनी मान हलवली. भोकं सगळी सरळ भागात होती. वळणाने आवाजाला काही होणार नाही, असं त्यांचं म्हणणं. सारंगला माहीत नव्हतं आणि या वेळी त्याने तसं सरळ सांगितलं.

प्रणिताने तो प्रश्न त्याच रात्री कागदावर उतरवला आणि दुसऱ्या दिवशी सारंगच्या हातून लिस्टवर पाठवला. दोन आठवडे नुसता कल्ला झाला. कुणी म्हणालं, बैलाच्या शिंगाची आठवण म्हणून. कुणी म्हणालं, पेटीत बसवायला, आणि दुसऱ्याने लगेच दाखवून दिलं की वळलेलं वाद्य पेटीत उलट जास्त जागा खातं. एकाने जुन्या चित्रांतली वळणं मोजून पाठवली. क्रमहॉर्न वाजवणाऱ्या त्या शाळेतल्या मास्तरांनी एकाच ओळीत लिहिलं की वाद्य तीस वर्षं हातात असूनही आपण हे कुणाला विचारलं नव्हतं.

प्रणिता दर रविवारी नवी उत्तरं घेऊन मौलाअलीला जायची. मियाँ एकेक ऐकायचे, विचार करायचे आणि नाही म्हणायचे. हिम्मतराव वहीच्या नव्या पानावर ती उत्तरं एकाखाली एक उतरवून घेत होते.